वीज आली, संगणकही सुरू झाला. मग बिल का निघत नाही?

बीम चढल्याशिवाय माग चालत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगावे लागत नाही. दुकान-दवाखान्यातल्या संगणकाचेही तसेच आहे. वीज जाऊन आली की स्क्रीन उजळते. पण बिलिंगचे सॉफ्टवेअर ‘डेटाबेस सापडत नाही’ म्हणते आणि काउंटरपुढची रांग वाढते. दोष विजेवर जातो. खरा घोळ बहुतेकदा सुरू होण्याच्या क्रमात असतो.

नेमके काय होते?
बिलिंगला डेटाबेस लागतो, डेटाबेसला डिस्क. डेटा दुसऱ्या संगणकावर असेल तर नेटवर्कही. हेच अवलंबित्व. वीज अचानक गेली असेल, तर डेटाबेस आधी अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरतो. त्याला कधी काही सेकंद लागतात, कधी काही मिनिटे. तेवढ्यात बिलिंग सुरू झाले की ते अडकते.

क्रम वेगळा, गरज वेगळी
जुन्या लिनक्समध्ये सेवा क्रमांकानुसार एकामागून एक सुरू होत. २०१० मध्ये आलेली ‘सिस्टमडी’ शक्य तितक्या सेवा एकाच वेळी सुरू करते. त्यामुळे तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : ‘रिक्वायर्स’, म्हणजे ही सेवा हवीच आणि ‘आफ्टर’, म्हणजे तिच्यानंतरच. फक्त पहिली लिहिली, तर दोन्ही सेवा एकदमच सुटतात. विंडोजमध्येही एक सेवा दुसरीवर अवलंबून असल्याची नोंद करता येते.

अंदाजाचा उपाय नको
अनेकदा ही नोंद टाळून ‘दोन मिनिटे थांबा’ अशी सेटिंग केली जाते. डेटाबेसला तीन मिनिटे लागली की ती फसते. डेटाबेस तयार झाल्याची खात्री करणे आणि नसेल तर पुन्हा प्रयत्न करणे, हाच खरा उपाय. सुरुवातीलाच सुरू होणारा घटक बिघडला तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

ग्राहकाने काय करावे?
सॉफ्टवेअरचे पैसे चुकते करण्यापूर्वी सगळे संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करायला लावावेत. कुणीही हात न लावता पहिले बिल निघाले, तरच काम पूर्ण झाले असे मानावे. ही अट करारातच हवी. प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तंत्रज्ञाला फोन करावा लागत असेल, तर ते सॉफ्टवेअर अर्धवटच विकले गेले आहे.