स्टोअरमध्ये दिसलं म्हणून बिनधास्त टाकू नका

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. धडधाकट लॅपटॉप भंगारात कशाला द्यायचा, म्हणून बऱ्याच जणांनी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं. चांगलंच केलं. पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं, "लिनक्सला व्हायरस लागत नाही, स्टोअर उघडा आणि हवं ते टाका." हा सल्ला ऐकून गप्प बसवत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काय झालं ते बघा. उबुंटूच्या स्नॅप स्टोअरवर एक्सोडस या बिटकॉइन वॉलेटच्या नावाचं एक अ‍ॅप होतं. एकाने ते विश्वासाने टाकलं. अ‍ॅपने वॉलेट परत मिळवण्याचे गुप्त शब्द विचारले, त्याने ते भरले, आणि त्याचे नऊ बिटकॉइन गेले. तेव्हाच्या भावाने सुमारे ४ लाख ९० हजार डॉलर. ते अ‍ॅप खऱ्या कंपनीचं नव्हतंच.

इथे कुणी म्हणेल, स्नॅप आणि फ्लॅटपॅक या प्रकारची अ‍ॅप्स तर सॅंडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त कप्प्यात, चालतात, मग भीती कसली? सॅंडबॉक्स अ‍ॅपला तुमच्या बाकीच्या फायलींपासून लांब ठेवतो, आणि तेही परवानग्या कमी दिल्या असतील तरच. तुम्ही स्वतःच्या हाताने त्या खिडकीत टाइप केलेला पासवर्ड तो वाचवू शकत नाही. अ‍ॅपला तेवढंच हवं असतं.

अशी खोटी वॉलेट सप्टेंबर २०२३ मध्येही सापडली होती. त्याआधी, २०१८ मध्ये, २०४८ या आकड्यांच्या खेळाच्या एका स्नॅपमध्ये गुपचूप क्रिप्टो चलन खणणारा प्रोग्राम निघाला होता. मार्च २०२४ नंतर स्नॅप स्टोअरवर नव्या अ‍ॅपचं नाव माणूस तपासतो. पण नाव तपासणं वेगळं आणि पुढे येणारी प्रत्येक आवृत्ती उघडून बघणं वेगळं. स्नॅप तर आपोआप अपडेट होतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच: 'इन्स्टॉल' दाबण्याआधी अ‍ॅपच्या नावाखाली प्रकाशक कोण लिहिलाय ते वाचा. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या स्टोअरवर आणि स्नॅप स्टोअरवर खातरजमा झालेल्या प्रकाशकापुढे बरोबरची खूण असते. खूण नाही म्हणजे लबाडीच आहे असं नव्हे. कितीतरी चांगली अ‍ॅप्स स्वयंसेवक बांधून देतात. चित्रं बघायचं किंवा गाणी वाजवायचं साधन असेल तर फारसं अडत नाही. मात्र जिथे पासवर्ड, पैसे किंवा खाजगी संदेश येतात, तिथे खुणेशिवाय पुढे जाऊ नका. लिनक्स मिंट २२ तर खातरजमा न झालेली फ्लॅटपॅक मुळात दाखवतच नाही. ती सेटिंग उगाच बदलू नका.

पैशाच्या अ‍ॅपची सुरुवात स्टोअरच्या शोधपट्टीतून करूच नका. बनवणाऱ्याच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि लिनक्ससाठी तिथे काय दिलंय ते पाहा. काहीच दिलेलं नसेल, तर त्या नावाने स्टोअरमध्ये दिसणारं अ‍ॅप दुसऱ्या कुणाचं तरी आहे. फोनपे किंवा भीमचं लिनक्स डेस्कटॉपसाठी अ‍ॅप नाही. त्या नावाने काही दिसलंच, तर हात लावू नका.

बाकी रोजच्या गरजेच्या बहुतेक गोष्टी तुमच्या डिस्ट्रोच्या, म्हणजे उबुंटू किंवा मिंटच्या, स्वतःच्या रेपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या साठ्यात) असतात. उबुंटूच्या अ‍ॅप सेंटरमध्ये आधी स्नॅप दिसतात. रेपॉझिटरीतली, डेब स्वरूपातली पॅकेजेस बघायला फिल्टर बदलावा लागतो. रेपॉझिटरीतली आवृत्ती थोडी जुनी असते, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. मला तो उशीर मोलाचा वाटतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून तो उघडकीला आला. डेबियन या डिस्ट्रोच्या चाचणी शाखांपर्यंत तो पोचला होता. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचलाच नाही.

आणखी एक. कुठूनतरी उचललेली 'सुडो'ची (मशीनचे सगळे अधिकार देणारी) ओळ टर्मिनलमध्ये चिकटवून पासवर्ड देऊ नका. त्या एका ओळीने अख्ख्या मशीनचा ताबा जाऊ शकतो आणि तिथे कुठलाही सॅंडबॉक्स नसतो. अनोळखी डेब फाइलचंही तेच.

शंकास्पद अ‍ॅप आधीच टाकलं असेल तर लाजू नका, वेळही घालवू नका. मशीनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला. वॉलेटचे शब्द दिले असतील तर शिल्लक ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवा, कारण ते शब्द बदलता येत नाहीत. नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आणि स्टोअरला त्या अ‍ॅपबद्दल तक्रार जरूर कळवा, म्हणजे ते तिथून लवकर हटेल.