गाव हरवू नये

बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा सुमारे १३ लाख लोकवस्तीचा देश. २०११ च्या शिरगणतीत आपल्या वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्याही १२ लाखांवर गेली होती. १९४० साली सोव्हिएत संघराज्याने एस्टोनिया गिळंकृत केला; पुढे कारखान्यांबरोबर परभाषकांची वस्ती वाढली. तरीही १८६९ पासून चालत आलेल्या गीतमहोत्सवांनी भाषेचा अभिमान जागता ठेवला. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य परत आले, तेव्हा हा लहानसा समाज आपण कोण हे विसरलेला नव्हता.

आचोळ्यावर कोणी आक्रमण केलेले नाही. येथे आलेली माणसे पोटासाठी आली आहेत आणि ती आपलीच आहेत. परंतु २००९ मध्ये महानगरपालिका झाली, इमारती उठत गेल्या आणि गाव पत्त्यातील एका ओळीपुरते उरू लागले. शेजारच्या सोपाऱ्यात अशोकाचा शिलालेख सापडला, हे येथील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? वसईची सामवेदी बोली किती घरांत मुलांच्या तोंडी आहे?

एस्टोनियाकडून एक इशाराही घ्यावा. १९९२ नंतर तेथील अनेक रशियन भाषक दीर्घकाळ नागरिकत्वाविना राहिले आणि समाजात दुरावा वाढला. ओळख जपायची ती कुंपण घालून नव्हे. शिक्षकांनी गावातील वृद्धांकडून तळी, वाड्या, पायवाटा यांची जुनी नावे मुलांकरवी टिपून घ्यावीत. त्या मुलांत काल आलेल्या बिऱ्हाडाचा मुलगाही असावा. ज्याला गावाची गोष्ट ठाऊक झाली, तो गावकरीच झाला.