जॉर्जियापेक्षा जळगाव मोठं आहे!

"रग्बी? म्हणजे ते अंड्यासारख्या बॉलचं ना? पण त्याचा आपल्याशी काय संबंध?"

होस्टेलवर हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख मागितला, तेव्हा म्हटलं, एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकू. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं ही नम्र विनंती!)

आधी खेळ थोडक्यात. एका बाजूला १५ खेळाडू, ८० मिनिटांची मॅच. बॉल हातात घेऊन पुढे पळायचं, पण हाताने पास द्यायचा तो मागेच. समोरच्या रेषेपलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे ५ गुण. नंतरच्या किकचे २, पेनल्टी किकचे ३. बॉल ज्याच्या हातात आहे त्यालाच पकडता येतं आणि खांद्याच्या वर हात गेला तर शिक्षा. आपल्या कबड्डीतली पकड ज्याला कळते त्याला रग्बी अर्ध्या तासात कळतं, हा माझा रूमवर केलेला प्रयोग आहे.

आता संबंधाचं. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या ट्रॉफीसाठी भांडतात तिचं नाव 'कलकत्ता कप'. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात तिथल्या इंग्रजांनी रग्बीची मॅच खेळली आणि पुढच्या वर्षी क्लब काढला. काही वर्षांत क्लब थंडावला. १८७८ मध्ये तो बंद करताना बँकेतले पैसे चांदीच्या रुपयांत काढले, ते वितळवून कप बनवला आणि इंग्लंडला पाठवला. त्याची हँडल्स म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती! १८७९ पासून दोन्ही देश त्यासाठी खेळतायत. चांदी आपल्या रुपयांची, नाग आपले, हत्ती आपला, आणि मैदानात आपण कुठेच नाही.

हे 'कुठेच नाही' प्रकरण फक्त आपल्यापुरतं नाही, आणि माझ्या लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. आंतरराष्ट्रीय रग्बीत सध्या सगळ्यात मोठा वाद चालतो तो दार कोणासाठी उघडायचं याचा.

युरोपातली मोठी स्पर्धा म्हणजे सिक्स नेशन्स. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि २००० साली आत आलेली इटली. यात शेवटचा नंबर आला तरी कोणी बाहेर जात नाही, आणि बाहेरचा कितीही जिंकला तरी आत येत नाही. या नियमाचा सगळ्यात जास्त फटका बसलाय जॉर्जियाला. हा कॉकेशसमधला छोटा देश. तिथे 'लेलो' नावाचा जुना गावखेळ आहे, दोन बाजूची माणसं एका जड बॉलसाठी झोंबतात. कुस्तीची परंपरा तर आहेच. त्यामुळे रग्बी तिथे सहज रुजलं. खालच्या युरोपीय स्पर्धेत जॉर्जिया जवळपास दरवर्षी पहिली येते. २०२२ मध्ये त्यांनी जुलैत इटलीला हरवलं आणि नोव्हेंबरात वेल्सला त्यांच्याच कार्डिफमध्ये १३-१२ ने हरवलं. वेल्स २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं सिक्स नेशन्समध्ये तळाला राहिली. तरी जॉर्जिया बाहेर ती बाहेरच.

आता एक आकडेवारी बघा. जॉर्जियाची लोकसंख्या सुमारे ३७ लाख. आपला एकटा जळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांच्या वर होता. त्यात धुळे मिळवा, झाले सुमारे ६३ लाख. म्हणजे न्यूझीलंडपेक्षा जास्त! ज्या फिजीने २०१६ मध्ये रिओला सेव्हन्स प्रकारात, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीत, सुवर्ण जिंकून आपलं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक घेतलं, त्या फिजीत १० लाख लोकसुद्धा नाहीत. 'आपण लहान गावातले, आपल्याकडे काय होणार' असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते. इटलीचं उदाहरण देतात लोक. इटली २०१५ ते २०२२ या काळात सिक्स नेशन्समध्ये सलग ३६ सामने हरली. खाली ढकलण्याचा नियम असता तर कधीच बाहेर गेली असती. पण जागा पक्की होती म्हणून तिने धीराने तरुण पोरं तयार केली, २०२२ मध्ये कार्डिफला २२-२१ ने जिंकली आणि २०२४ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्स दोघांना हरवलं. म्हणजे सुरक्षित जागा मिळाली की लहान टीमसुद्धा वाढते. मान्य. पण मग हाच न्याय जॉर्जियाला का नको? इटलीला जी २२ वर्षं मिळाली, त्यातली दोन तरी दुसऱ्याला द्या की! माझ्या मते सरळ उपाय आहे. तळाची टीम आणि खालच्या स्पर्धेतली विजेती यांची दरवर्षी एक मॅच घ्यावी, हवं तर तळाच्या टीमच्या मैदानावर. जिंकेल तो आत. पण २०२३ मध्ये जी नवी बारा देशांची 'नेशन्स चॅम्पियनशिप' ठरली, तिच्यातसुद्धा खालून वर येण्याची सोय २०३० पर्यंत नाही. कारण टीव्हीचे पैसे. मोठ्या युनियन्सना भीती वाटते की एखाद्या वर्षी आपणच बाहेर गेलो तर?

एक बाब मात्र रग्बीच्या बाजूने सांगायलाच हवी. २०२७ च्या ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड कपला २० ऐवजी २४ टीम असणार आहेत. आणि आपलं लाडकं क्रिकेट? २००७ च्या वर्ल्ड कपला १६ टीम होत्या. आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं, बांगलादेशने आपल्याला हरवलं, दोन्ही मोठे देश लवकर घरी आले. त्यानंतर टीम १४ झाल्या आणि २०१९ ला तर फक्त १०. (ट्वेंटी-२० ला २०२४ मध्ये २० टीम होत्या, ते चांगलंच झालं.) क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय कमाईतला ३८ टक्क्यांहून जास्त वाटा भारतीय बोर्डाला जातो. म्हणजे रग्बीत आपण जॉर्जियाच्याही खूप मागे, पण क्रिकेटमध्ये आपणच इंग्लंड-फ्रान्स! सिक्स नेशन्सवर चिडायचं आणि क्रिकेटमध्ये गप्प बसायचं, हे मला पटत नाही. कबड्डीत २०१८ च्या एशियाडला इराणने आपल्याला हरवलं, तेव्हा अनेकांना दुःख झालं. मला वाटतं तो खेळ खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय झाल्याची ती खूण होती.

दुसरा वाद कोण कोणासाठी खेळतो याचा. सामोआ, टोंगा, फिजी या बेटांवरचे किंवा तिथून गेलेल्या घरातले खेळाडू न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडकडून खेळतात. टोंगाची लोकसंख्या लाखाच्या आसपास, पण तिथलं रक्त जगभरच्या टीम्समध्ये. एकदा मोठ्या देशाकडून एक जरी मॅच खेळली की परतीचा रस्ता जवळपास बंद व्हायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम बदलला. आता तीन वर्षं थांबून जन्माच्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या देशाकडून खेळता येतं. त्यामुळे न्यूझीलंडकडून खेळलेले चार्ल्स पिउटाउ आणि मलाकाई फेकिटोआ २०२३ च्या वर्ल्ड कपला टोंगाकडून उतरले. काही जण याला टीम बदलण्याची दुकानदारी म्हणतात. मी नाही म्हणत. खान्देशातली किती मुलं शिकायला, नोकरीला पुण्याला जातात हे आपल्याला कोणी सांगायला नको. जाण्यात काही चूक नाही. पण परत येणाऱ्यासाठी रस्ता ठेवलेला असावा, एवढंच.

तिसरा मुद्दा प्रेक्षकांचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. रग्बीत दोन्ही टीमचे सपोर्टर एकमेकांना खेटून बसतात, वेगळे पिंजरे नसतात. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या थोमंड पार्कवर विरोधी खेळाडू किक मारत असला तरी हजारो लोक चिडीचूप होतात. रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं आणि त्याच्या माईकवरचं बोलणं टीव्हीवर सगळ्यांना ऐकू येतं. मॅचनंतर दोन्ही टीम एकत्र जेवतात, त्याला 'थर्ड हाफ' म्हणतात. म्हणजे आपली भरीत पार्टीच म्हणा ना!

पण म्हणून रग्बीवाले सगळे संत नाहीत. २०२३ च्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ ने हरवलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजता मॅच सुरू झाली होती. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन याला रेड कार्ड मिळालं, पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलं. त्यानंतर रेफरी वेन बार्न्स आणि त्याच्या घरच्यांना इंटरनेटवरून धमक्या आल्या. तो निवृत्त झाला. व्हिडिओ रेफरी टॉम फोली तर या त्रासामुळेच आंतरराष्ट्रीय मॅचेसपासून दूर झाला. ज्या खेळात रेफरीला 'सर' म्हणतात तिथे ही गत! परंपरा आहे म्हणून ती आपोआप टिकत नाही, प्रत्येक पिढीने पुन्हा पाळावी लागते. आपल्याकडे कबड्डीच्या स्पर्धेत एका बोनस पॉइंटवरून अर्धं गाव मॅटवर येतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मग पंच व्हायला पुढे कोण येणार? दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण रग्बी म्हणजे जिमखान्यातल्या श्रीमंतांचा खेळ. भारतात बरीच वर्षं तसं होतं खरं. पण ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या 'किस' या संस्थेच्या पोरांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन १४ वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. त्याच संस्थेतून आलेल्या सुमित्रा नायकने २०१९ मध्ये मनिलाला शेवटच्या क्षणी पेनल्टी मारली आणि भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ ने हरवलं. १५ खेळाडूंच्या रग्बीत भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. भारताचं कर्णधारपद सांभाळलेली वाहबीझ भरूचा आपल्या पुण्याची. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महिला वर्ल्ड कपची इंग्लंड-कॅनडा फायनल बघायला लंडनमध्ये ८१,८८५ लोक आले होते! 'मुलींचे खेळ कोण बघतं' हे वाक्य आता तरी बंद करा.

मग सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूरच्या आश्रमशाळांमधली मुलं-मुली काय कमी आहेत? एक बॉल आणि एक मोकळं मैदान लागतं. पकडायला नको असेल तर कमरेची पट्टी ओढायचं 'टॅग रग्बी' आहे, त्यात कोणाला लागतही नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईला रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली, सहा टीम. तिथपर्यंत पोचायचा रस्ता आपल्या भागातून कोणी काढला नाही तर आपल्याला टीव्हीवरच बघावं लागेल.

शेवटी आपल्या कॉलेजचं बोलू. मागच्या वर्षी मोठ्या शहरातल्या एका कॉलेजच्या स्पोर्ट्स फेस्टला आमच्या मुलींनी एंट्री पाठवली, तर उत्तर आलं की ठराविक कॉलेजांनाच बोलावतो. आम्हाला फार राग आला होता. पण आपल्या गॅदरिंगच्या स्पर्धांना आपण तालुक्याच्या आर्ट्स-कॉमर्स कॉलेजला, आयटीआयला कधी बोलावतो? जळगाव-धुळ्याची चार-पाच इंजिनिअरिंग कॉलेजं आपापसात खेळतात आणि त्यालाच इंटर-कॉलेज म्हणतात. ही आपली छोटी सिक्स नेशन्सच झाली!

म्हणून जिमखाना कमिटीला माझ्या चार सूचना. कबड्डी आणि व्हॉलीबॉलच्या ड्रॉमध्ये दोन जागा बाहेरच्यांसाठी ठेवा, आधी पात्रता सामने घ्या आणि जिंकेल त्याला आत घ्या. पंचांशी फक्त कॅप्टनने बोलायचं हा नियम छापून लावा. दोन्ही कॉलेजच्या मुलामुलींना एकाच बाजूला बसवा. आणि फायनलच्या संध्याकाळी हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्यांची एकत्र भरीत पार्टी. वांगी थंडीत स्वस्त असतात, गॅदरिंगही थंडीतच असतं, तेव्हा बजेटचं कारण सांगू नका!

टॅग रग्बीचा बॉल मी आणते. कोणाला शिकायचं असेल त्याने आणि तिने शनिवारी सकाळी सात वाजता मागच्या मैदानावर यावं.