शेड शेतकऱ्याची, कोंबडी कंपनीची

मांसल कोंबड्यांच्या करार पद्धतीत शेतकरी हा कंपनीचा ‘भागीदार’ असतो, असा कंपन्यांचा दावा आहे. खेदाची गोष्ट ही की, आपल्यातीलही काही साथी त्याला शेडचा मालक समजून संघटनेबाहेर ठेवतात. ही मालकी आहे तरी कशाची?

जमीन, कर्ज काढून बांधलेली शेड, वीज, पाणी, तूस आणि सबंध कुटुंबाचे रात्रंदिवसाचे श्रम शेतकऱ्याचे. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. वाढलेला पक्षीही कंपनीचाच. शेतकऱ्याला मिळते ते किलोमागे संगोपन शुल्क, म्हणजेच उक्ती मजुरी. या मजुरीत देखरेखीची गरजच बव्हंशी उरत नाही, हे मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात दाखविलेच आहे. येथे मुकादमाचे काम ‘एफसीआर’ करतो: एक किलो वजनवाढीला किती किलो खाद्य लागले, त्याचे गुणोत्तर.

५,००० पक्षी प्रत्येकी २ किलोचे झाले, तर १.६ या गुणोत्तराने १६ टन खाद्य लागते, १.७ झाले की १७ टन. या जादा टनाची झळ शेतकऱ्याच्या शुल्काला बसते. पण पिल्लू अशक्त निघाले, खाद्य निकृष्ट आले, तर दोष कोणाचा? त्याहून लबाडीचा भाग पुढेच आहे. पक्षी वयाने जसजसा वाढतो, तसतसे प्रत्येक किलो वाढीला अधिक खाद्य लागते. बाजार पडला की कंपनी उचल लांबविते. पक्षी शेडमध्ये खात राहतात, गुणोत्तर बिघडते, शुल्क घटते. बाजाराची जोखीम आपण घेतो, अशी शेखी मिरविणारी कंपनी ती अशी गुपचूप शेतकऱ्याच्या माथी मारते!

इंग्रजी मसुद्यांत या कंपनीला ‘इंटिग्रेटर’ म्हणतात. अनुवाद करताना प्रस्तुत लेखकाने ‘एकात्मकर्ता’ असा भारदस्त शब्द योजला होता. ‘कंत्राटदार’ हाच खरा. सिन्नर-सोलापूरची विडी कामगार स्त्रीही कंत्राटदाराची पाने-तंबाखू घेऊन स्वतःच्याच घरात विड्या वळते, आणि ‘छाट’ म्हणून तिची मजुरी कापली जाते. घर तिचे म्हणून तिला कोणी मालक म्हटले नाही. १९६६ च्या कायद्याने घरखेप कामगारालाही कामगार मानले.

२०२० च्या केंद्रीय करार शेती कायद्यात कुक्कुटपालनही होते. शेतकऱ्यांच्या लढ्याने २०२१ मध्ये तो कायदा रद्द झाला. १९९० च्या दशकात कोइमतूर परिसरात फोफावलेले हे करार मात्र देशभर चालूच आहेत. उचलीस विलंब झाल्यास त्या दिवसांचे खाद्य कंपनीच्या खाती, खाद्याचा नमुना शेतकऱ्यासमक्ष सीलबंद, वजन शेडच्या दारात, किमान शुल्क सरकारने ठरविलेले: या मागण्या घेऊन किसान सभेने पुढच्या उचलीपूर्वी या शेडपर्यंत पोहोचले पाहिजे.