मशिदीचा अधांतरी दरवाजा

डेव्हिड रॉबर्ट्सच्या इजिप्तमधल्या चित्रांना जाणकार सहसा नाक मुरडतात. हा स्कॉटिश चित्रकार मुळात नाटकांचे पडदे रंगवणारा. १८३८-३९ मध्ये तो नाईलकाठी हिंडला आणि त्याच्या रेखाटनांवरून लुई हाघने केलेली शिळाछापे १८४६पासून लंडनमध्ये निघू लागली. १८४७ मध्ये लंडनचा प्रकाशक मरे याचे इजिप्तचे प्रवासी हस्तपुस्तक आले, १८६९ मध्ये थॉमस कुकची पहिली नाईल सहल निघाली. प्रवासी बोटीत पाय ठेवण्याआधीच इजिप्त पाहून बसला होता, तो या चित्रांमुळे. आक्षेप असा, की त्यांत कलता उजेड आहे, फेटेवाले लोक सोयीने मांडलेले आहेत. थोडक्यात, नेपथ्य आहे. हा आक्षेप खराच आहे. पण उजेड आणि माणसे बाजूला ठेवून या चित्रांतली जमीन पाहावी. एडफूच्या देवळात वाळू खांबांच्या माथ्यापर्यंत चढलेली आहे, लक्सरच्या देवळातच गाव नांदते आहे. पर्यटकासमोर पुढे जे ठेवले गेले, त्यापेक्षा हे अधिक खरे आहे.

कारण नंतर सफाई झाली. मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १८६०च्या दशकात एडफू मोकळे केले, त्याच्यानंतर आलेल्या मास्पेरोने १८८५पासून लक्सरमधली घरे हटवायला सुरुवात केली. ही सफाई केली नसती तर भिंतींवरचे लेख वाचताच आले नसते, हे उत्तर बिनतोड आहे आणि मला मान्य आहे. मात्र उत्खननाने देऊळ ‘मूळ रूपात’ परत मिळाले, हा दावा मान्य नाही. मिळाला तो आपण पसंत केलेला एक काळ. त्यावर साचलेली शतके आणि त्यांत राहणारी माणसे, दोन्ही राडारोड्यात गेली. पर्यटकाला निर्मनुष्य, नितळ प्राचीनता हवी होती, ती त्याला मिळाली. (फोटोत दुसरा माणूस येऊ नये म्हणून ताटकळणारे आजही दिसतातच.) चित्रांत उरले आणि प्रत्यक्षात गेले, असे रंगांचेही झाले. फिले बेटावरच्या देवळाच्या खांबांवरचे रंग रॉबर्ट्सने टिपले. १९०२च्या अस्वान धरणानंतर देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागले आणि रंग धुऊन गेले.

चित्रकाराने वाळूही फुगवली असेल, असे कुणी म्हणेल. लक्सरला ते पडताळता येते. तिथली अबू हज्जाज मशीद तेवढी हटवली नाही. तिचा जुना दरवाजा आज देवळाच्या फरशीपासून कित्येक मीटर उंचावर, अधांतरी आहे. गावाची जमीन तिथपर्यंत होती.