मोतीबिंदूचे मोजमाप

चिंचवडच्या कारखान्यात मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणाऱ्या कामगाराचा मोतीबिंदू बहुधा सहा मीटरवरील अक्षरांच्या तक्त्यावरच जोखला जातो. स्नेलेनचा हा तक्ता १८६२ सालचा. त्यावर ६/९ दृष्टी ठरलेला ट्रकचालक रात्री चाकणच्या रस्त्यावर समोरच्या दिव्यांनी दिपून जातो, कारण गढूळ भिंग प्रकाश विखुरते आणि तक्त्यावरील काळ्या ठळक अक्षरांत ते पुरते उमटत नाही. हे विखुरणे मोजणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत; त्यांतील काही तर रुग्णाच्या उत्तरावरही विसंबत नाहीत.

‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळी रास्त होता. १९६७ मध्ये केलमन यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडण्याची रीत आणली, तेव्हापासून पिकून कठीण झालेला मोतीबिंदूच उलट अवघड ठरू लागला. अर्थात घाईही नको; शस्त्रक्रियेत अल्प का होईना, धोका असतोच, आणि विमा आहे एवढ्यावर ती उरकणे तर अक्षम्यच. यंत्राचा आकडा आणि रुग्णाच्या कामाचे स्वरूप, दोन्ही केसपेपरवर नोंदविणे बंधनकारक करावे. आरंभ महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयापासून करावयास काय हरकत आहे?