तीन लहान शब्दांचा धडा

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ‘पुट अप विथ’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ विचारला. एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने उठून म्हणाला, “सर, पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर आणि विथ म्हणजे सह. तेव्हा अर्थ झाला, सह वर ठेवणे!” वर्गात हशा पिकला आणि तो बिचारा मान खाली घालून बसला. मला मात्र हसू आले नाही. त्याच्या तर्कात चूक नव्हती. चूक होती ती आम्हा शिक्षकांच्या पद्धतीत.

माझी मायबोली कोकणी. लहानपणी एका मराठी शेजारीणबाईंनी माझ्या हातावर लाडू ठेवला आणि “खाऊन टाक हं,” असे म्हणाल्या. लाडू खावा की टाकावा, या विवंचनेत मी कितीतरी वेळ उभा होतो! घरी आल्यावर आईने उलगडा केला की, आपण कोकणीत ‘खावन उडय’ म्हणतो, तेच हे. ‘उडय’ म्हणजे फेक. पण ‘खावन उडय’ म्हणताना काही फेकावयाचे असते, असे मला कधीच वाटले नव्हते. दोन शब्द एकत्र आले की त्यांचा तिसराच अर्थ होतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

इंग्रजीतही हेच घडते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे की, क्रियापदापुढे एखादे लहानसे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना फार अवघड जाते. मग आमच्या मुलांनी अडखळावे, यात नवल ते काय?

‘पुट अप विथ’ म्हणजे त्रास देणारी गोष्ट निमूटपणे सोसणे, चालवून घेणे. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे: खपवून घेणे. यातही ‘खपवणे’ आणि ‘घेणे’ यांचे अर्थ वेगवेगळे पाहून सहनशीलता हाती लागत नाही. शिवाय ‘हे मी खपवून घेणार नाही’ असे आपण बहुधा नकारानेच बोलतो. इंग्रजीतही ‘आय वोन्ट पुट अप विथ इट’ अशी वाक्ये वारंवार कानी पडतात.

आता वाक्यातील जागा पाहा. ‘पुट अप विथ’ हे तिन्ही शब्द हातात हात धरून चालतात. जे सोसावयाचे ते त्यांच्यामागून येते. याच्या उलट ‘पुट ऑफ’, म्हणजे लांबणीवर टाकणे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध. परंतु सभेच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे. ‘पुट इट ऑफ’ हेच बरोबर, ‘पुट ऑफ इट’ नव्हे. शब्द आणि त्यापुढे अर्थ अशा यादीतून हा भेद कधी समजेल काय? मीही अनेक वर्षे अशा याद्या फळ्यावर लिहून दिल्या आहेत, हे येथे प्रांजळपणे मान्य करतो. परीक्षेपुरत्या त्या उपयोगी पडतात. पण परीक्षा संपली की यादीही संपते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, अशी क्रियापदे यादीतून शिकवूच नयेत. ती वाक्यातून, आणि तीही मुलांच्या स्वतःच्या घरातल्या वाक्यांतून शिकवावीत. मराठी माध्यमामुळे मुले इंग्रजीत मागे पडतात, असे पुष्कळ पालकांना वाटते. मला ते पटत नाही. ज्या मुलाला ‘खपवून घेणे’ पुरते कळले आहे, त्याला ‘पुट अप विथ’ निम्मे कळलेलेच असते. मातृभाषा ही अडचण नसून किल्ली आहे. मात्र ती कुलपाला लावून पाहिली पाहिजे.

त्या दिवशी मी वर्गाला घरून एकेक वाक्य लिहून आणावयास सांगितले. कोणी शेजारच्या रेडिओवर लिहिले, कोणी डासांवर. आदल्या दिवशी ज्याला सारे हसले होते, त्याच्या वहीत एकच ओळ होती: ‘माय मदर पुट्स अप विथ एव्हरीथिंग.’ मी ती मोठ्याने वाचली. या वेळी कोणीही हसले नाही.

विद्यार्थिमित्रांनो, त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. असे वाक्य कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले सापडणार नाही. ते ज्याचे त्यानेच आणावयाचे असते. एक लहानशी वही करा, रोज एक क्रियापद घ्या आणि त्यात आपल्या घरातले एक खरे वाक्य लिहा. आणि हो, हे काम उद्यावर टाकू नका. ‘डोन्ट पुट इट ऑफ!’